मुलांना आधी करून तर पाहू द्या : मंडळांच्या कार्यकारिणीस खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि सर्व कार्यकर्ते,
सार्वजनिक गणेशोत्सव मंडळे, तरुण मंडळे व क्रीडा मंडळे

सप्रेम नमस्कार, वि. वि.

आम्ही निरनिराळ्या व्यायामशाळांत आणि क्रीडा मंडळांत संध्याकाळी मुलांना शिकवणारे प्रशिक्षक आहोत. हे पत्र तुमच्या सभागृहाबद्दल आहे. उत्सवाचे दहा दिवस आणि तयारीचा महिना-दीड महिना सोडला, तर अनेक मंडळांच्या जागा वर्षभर बंद असतात. आत खुर्च्यांच्या चळती, मांडवाचे बांबू, गेल्या वर्षीच्या देखाव्याचे थर्माकोल आणि एक कॅरम बोर्ड. त्याच गल्लीतली आठ ते चौदा वयाची मुले पार्किंगमध्ये गाड्यांच्या मधून क्रिकेट खेळतात, नाहीतर मोबाइल घेऊन जिन्यात बसतात.

मंडळे मुलांसाठी काही करत नाहीत, असे आम्ही म्हणणार नाही. बहुतेक मंडळे करतात. पण मुलाला बोलावणे येते ते मंडळाला गरज पडली की. ऑगस्टमध्ये ढोलपथकात रांग भरायची असते, स्पर्धा तोंडावर आली की कबड्डीच्या संघात दोन जण कमी असतात, २६ जानेवारीला लेझीमला चाळीस डोकी लागतात. त्या मुलाने तोवर ढोल, कबड्डी किंवा लेझीम यांतले काहीच करून पाहिलेले नसते. जमले तर तो टिकतो, नाही जमले तर पुन्हा मंडळाच्या दारात पाऊल ठेवत नाही आणि ‘मला खेळ जमत नाही’ हे मनाशी धरून बसतो. आमचे म्हणणे एवढेच आहे की करून पाहण्याची सोय ही वेगळी सोय आहे. ती संघबांधणीत आपोआप होत नाही. ती मुद्दाम करावी लागते आणि तिचे स्वतःचे काही नियम आहेत.

पहिला नियम मुदतीचा. एका प्रकाराला चार आठवडे द्या, आठवड्यातून दोन वेळा, दर वेळी सव्वा तास, म्हणजे एकूण आठ तासिकांची एक फेरी. याहून कमी दिले तर मूल खेळाबद्दल मत बनवत नाही, दुखण्याबद्दल बनवते. पहिल्या दोन तासिका अनोळखीपणात जातात. तिसऱ्या-चौथ्याला दंड आणि मांड्या भरून येतात, आणि नेमके याच वेळी घरी ‘मला नाही जायचं’ सुरू होते. पाचव्या-सहाव्या तासिकेला पहिली गोष्ट जमते. म्हणून मूल आणि पालक दोघांशी आधीच ठरवून घ्या : आठ तासिका पूर्ण करायच्या, मग सोडायचे तर खुशाल सोड, का सोडलेस हे कोणी विचारणार नाही. दुसरे वाक्य पहिल्याइतकेच पाळा. सोडणाऱ्याला टोमणा मारला की पुढच्या फेरीला त्याची बहीणही येत नाही.

शुल्क घ्यायचेच तर फेरीचे घ्या, वर्षाचे नको. वर्षाचे पैसे भरलेले पालक मुलाला वर्षभर ओढत आणतात, आणि रडत येणारे मूल वर्गाचाही विचका करते. पहिल्या फेरीत गणवेश, बूट, टी-शर्ट काहीही विकत घ्यायला लावू नका. साहित्य मंडळाचे असावे. आणि पहिल्या दिवशी एखादे मूल भिंतीला टेकून नुसते बघत बसले तर बसू द्या. त्याला हात धरून मैदानात ओढणारा उत्साही दादा प्रत्येक मंडळात असतो. त्याला नोंदवहीचे काम द्या.

आता प्रत्यक्ष प्रकारांकडे येतो. पावसाळ्यात सभागृहात करण्यासारखा, जागा कमी खाणारा आणि मुला-मुलींना सारखाच आवडणारा प्रकार म्हणजे दोरीचा मल्लखांब. पुरलेला मल्लखांब जमिनीपासून साधारण साडेआठ फूट उंच, सागवानी किंवा शिसवी. तो उभारायला कायमची जागा लागते, त्याला एरंडेल लावावे लागते. दोर मात्र तासिकेपुरता टांगता येतो. पण चुका सगळ्यांत जास्त इथेच होतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पंख्याच्या हुकाला दोर बांधू नका. तो हुक स्थिर लोंबणाऱ्या पंख्यासाठी असतो. तीस किलोचे मूल झटक्याने खाली आले की त्या क्षणी हुकावर त्याच्या वजनाच्या काही पट ताण येतो. दोर टांगायचा तो लोखंडी तुळईला किंवा स्लॅबच्या बीमला आरपार बोल्टने बसवलेल्या कडीला, तेही स्थापत्य अभियंत्याने जागा पाहून हो म्हटल्यावर. पत्र्याच्या शेडमधल्या कैच्या दिसायला भक्कम असतात, पण त्या छप्पर पेलायला केलेल्या असतात, झोके खायला नव्हे. कडी बसवल्यावर दोन-तीन मोठ्या माणसांनी एकाच वेळी दोराला लोंबून, हिसके देऊन पाहायचे. त्यानंतरच मुले.

दोर सुती, पिळाचा, मुलांच्या मुठीत नीट मावेल असा, दीड ते दोन सेंटिमीटर जाडीचा. नायलॉनचा स्वस्त पडतो, पण तो घसरतो आणि घसरताना कातडी भाजतो. सुती दोर वरच्या टोकाला, कडीशी घासतो तिथे, आधी झिजतो, आणि खालून पाहणाऱ्याला ते दिसत नाही. महिन्यातून एकदा शिडी लावून वरचे दोन फूट हाताने चाचपून पाहा. एखादा पेड तुटलेला आढळला की दोर बाद, गाठ मारून चालवायचा नाही. पावसाळ्यात दोर दमट होऊन कडक होतो, म्हणून तासिका संपल्यावर गुंडाळून कपाटात कोंबू नका, हवेवर सैल टांगून ठेवा. आणि प्रसादाचे साहित्य ठेवता त्या खोलीत तर मुळीच नको. तिथल्या उंदरांना दोरही चालतो.

खाली चार इंची गाद्या, दोराच्या भोवती चारही बाजूंना. दोन गाद्यांमधली फट झाकली पाहिजे, कारण घोटा मुरगळतो तो उंचावरून पडून कमी, उतरताना फटीत पाय जाऊन जास्त. वर एक सतरंजी ताणून बांधली तरी काम होते.

मुलांच्या अंगावर काय नसावे याची यादी दारावरच लावा : करदोटा, पायातला काळा दोरा, गळ्यातली साखळी, बांगड्या, घड्याळ, पट्टा, चेन किंवा बटणांची पँट, ओढणी. करदोटा दोरात अडकून ओढला गेला तर पोटावर खोल ओरखडा उठतो. काही घरांत तो काढायला नकार मिळतो. तेव्हा वाद घालू नका, अंगाबरोबर बसणाऱ्या बनियनखाली चिकटपट्टीने तो सपाट बसवून घ्या. केसांना तेल चोपडून आलेल्या मुलाला हात साबणाने धुवायला लावा. पोटभर जेवून दोन तास झालेले असावेत, नाहीतर उलटे होताच ओकारी येते.

पहिल्या दोन आठवड्यांत दोराला एक रंगीत फीत बांधा, शिकवणाऱ्याच्या वर केलेल्या हाताच्या उंचीवर. तिच्या वर कोणी जायचे नाही. शिकवायचा क्रम असा : आधी दोन्ही हातांनी दोर धरून नुसते लोंबायचे, दहा-पंधरा सेकंद. हे जमत नसेल तर चढायला लावूच नका. मग पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्यामध्ये दोर पकडायचा. हीच या खेळाची किल्ली, आणि हेच सगळ्यांत जास्त दुखते. बोटांच्या बेचक्यातली कातडी पहिल्या आठवड्यात लाल होते, म्हणून एका तासिकेत हा सराव पाच-सात मिनिटांपलीकडे नको. मग उतरणे, चढण्याच्या आधी. हाताखाली हात घेत उतरायचे. दोर हातांतून सोडून सर्रकन खाली येणे मुलांना फार आवडते, आणि तळहात व मांडीच्या आतली साल तिथेच निघते. उतरता आले की चढणे, मग साधी अढी, म्हणजे दोराला पायांची मिठी मारून उलटे होणे. अढीच्या वेळी शिकवणाऱ्याचा एक हात मुलाच्या मानेखाली आणि दुसरा कमरेशी असलाच पाहिजे. आठ तासिकांत एवढे पुष्कळ झाले. पिरॅमिड, मशाली, डोळे बांधून आसने हा प्रात्यक्षिकांचा भाग आहे. नवख्यांना त्याचे आमिषही दाखवू नका.

एका दोराला मुले किती, तर सहा. हिशेब सोपा आहे. सव्वा तासातला अर्धा तास अंग मोकळे करण्यात आणि शेवटच्या ताणांत जातो. उरल्या पंचेचाळीस मिनिटांत चढणे, करणे, उतरणे, पुढच्याने येणे धरून एका पाळीला एक ते दीड मिनिट लागते. सहा मुले असली तर प्रत्येकाला पाच-सहा पाळ्या मिळतात, वीस असली तर जेमतेम दोन, आणि बाकी वेळ रांगेत ढकलाढकली. मुले कंटाळून सोडतात तेव्हा ती मल्लखांबाला कंटाळलेली नसतात, रांगेला कंटाळलेली असतात.

खो-खोत हाच घोळ वेगळ्या रूपात होतो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी तो जिंकला, तेव्हापासून ‘आमच्याकडेही सुरू करा’ अशी मागणी ऐकू येते. आनंदच आहे. पण मोठ्यांचे २७ मीटर बाय १६ मीटरचे मैदान आखून, आठ जणांना पाट्यांवर बसवून नवख्यांचा खेळ सुरू केला, की कडेच्या पाटीवरच्या मुलाला मिनिटेच्या मिनिटे खो मिळत नाही. ते उकिडवे बसून कंटाळते, पाय आखडतात, आणि एकदाचा खो मिळाला की दिशा चुकून फाऊल होतो.

त्याऐवजी अर्ध्या लांबीत दोन खुंट आणि चार पाट्या घ्या, शेजारी तसाच दुसरा संच आखा. पहिल्या दोन तासिका पाट्याच नकोत. फक्त दोन खुंटांमधली शिवाशिवी, मधली पट्टी ओलांडायची नाही एवढ्याच अटीवर. तिसऱ्या तासिकेला दिशेचा नियम : एकदा ज्या खुंटाकडे निघाला त्या खुंटापर्यंत जायचे, मधून परत फिरायचे नाही. मग पाठीला हात लावून मोठ्याने खो. हात न लावताच ओरडणे आणि खो मिळण्याआधी उठणे, या दोन चुका सगळेच करतात. त्यावर उपाय म्हणजे आधी चालत खेळायचे. धावायला परवानगी नसली की मुले नियम दोन दिवसांत पकडतात. खुंटावर सूर मारणे या फेरीत नाहीच. ते वाळूच्या किंवा भुसभुशीत मातीच्या हौद्यात वेगळे शिकवायचे काम आहे.

मैदान मातीचेच हवे. पेव्हर ब्लॉकवर किंवा काँक्रीटच्या पार्किंगमध्ये खो-खो खेळवू नका. गुडघे आणि घोटे दोन्ही जातात, आणि पडायला घाबरणारे मूल कधीच मोकळे धावत नाही. आदल्या संध्याकाळी पाणी मारा, सकाळी मुलांकडूनच खडे वेचून घ्या. खुंट गोल, गुळगुळीत, जमिनीवर साधारण १२० सेंटिमीटर, वरची कड गोलवलेली, कुठेही खिळा नको. रेषा फक्कीने मारा. बांधकामाचा चुना घेऊ नका, तो डोळ्यांत गेला तर इजा होते.

कबड्डीबद्दल थोडक्यात : जोड्या वर्गाने किंवा वयाने लावू नका, वजनाने लावा. बारा वर्षांचा एक मुलगा अठ्ठावीस किलोचा असतो आणि दुसरा पन्नासचा. पहिले दोन आठवडे पकड नाही, फक्त स्पर्श आणि बोनस रेषा. त्यात चपळ, किरकोळ मुलेही जिंकतात, आणि आधी जिंकलेले मूल नंतर पकड सोसते.

लेझीम सोपी वाटते म्हणून तिच्याकडे कोणी गांभीर्याने पाहत नाही. मोठ्यांची लेझीम लहान मुलाच्या हातात दिली की मनगट भरून येते आणि झांजांच्या चकत्या बोटांना चिमटे काढतात. लहान, हलकी लेझीम घ्या आणि साखळीच्या कड्या उघडलेल्या नाहीत ना, ते बघून वाटा. लेझीमचे सुरुवातीचे प्रकार घ्या : चार आवाज, एक जागा, आदी लगाव, पवित्रा, दो रुख. एवढे आठ तासिकांत बसते. ठेका हलगीवर द्या, स्पीकरवरच्या गाण्यावर नको. गाणे मुलासाठी थांबत नाही, हलगीवाला थांबतो.

ढोलाबद्दल तुमच्यापैकी काहींना आमचे म्हणणे आवडणार नाही. मोठ्यांचा ढोल दहा वर्षांच्या मुलाच्या कमरेला बांधला की ते मागे रेलून तोल सावरते, आणि तासाभरात कंबर धरते. ठेका शिकायला ढोल लागतच नाही. टिपरू, म्हणजे ढोल वाजवायची काठी, आणि जुना टायर पुरतो. बंद सभागृहात दहा-बारा ढोल आणि चार ताशे वाजले की आवाज १०० डेसिबल सहज ओलांडतो. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेने सुचवलेली मर्यादा ८५ डेसिबलला आठ तास आहे, आणि दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. त्या हिशेबाने १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटे येतात, तीही मोठ्या माणसाला. म्हणून मुलांचा सराव टायरवर, ढोलावर हात बसवायचा तो मोकळ्या मैदानात, एका वेळी दोनच ढोल, कानांत बोळे, तासिकेत दहा मिनिटे. विसर्जनाच्या लांब मिरवणुकीत त्यांना रांगेत उभे करणे हा प्रकार ‘करून पाहणे’ यात कुठल्याही अर्थाने बसत नाही.

आणि एक प्रकार असा ठेवा की ज्यात धावायचे नसते. सगळ्याच मुलांना घाम गाळायचा नसतो. आमच्या अनुभवाने सायकल दुरुस्ती हा त्यातला सर्वांत चांगला. भंगारात निघालेली एक सायकल तीन मुलांना पुरते. चाक काढणे, पट्ट्यांनी टायर सोडवणे, पाण्याच्या बादलीत ट्यूब धरून बुडबुडे शोधणे, काचकागदाने घासणे, सोल्युशन, पॅच. बिघडते ते तीन ठिकाणी. सोल्युशन ओले असतानाच पॅच दाबला जातो. ते बोटाला चिकटेनासे होईपर्यंत, चार-पाच मिनिटे, थांबायचे असते. दुसरे, टायरच्या आत राहिलेला काटा कोणी काढत नाही, आणि तेच पंक्चर परत होते. टायरच्या आतून बोट नव्हे, चिंधी फिरवायची, काट्याला ती अडकते. तिसरे, टायर चढवताना ट्यूब रिम आणि पट्टीमध्ये चिमटली जाते. थोडी हवा भरून मग टायर चढवला की हे टळते. ज्या मुलाला वर्गात कोणी विचारत नाही, त्याच्याकडे दुसऱ्या आठवड्यापासून गल्लीतले लोक सायकली घेऊन येऊ लागतात.

आता सुरक्षिततेचे. मुले असताना सभागृहात कायम दोन मोठी माणसे हवीत, एकटे कोणी नाही. मुली असतील तर त्यांतली एक बाई. सभागृहाचे दार उघडे, स्वच्छतागृहाचा दिवा चालू आणि त्याला आतून लागणारी कडी. शिकवणाऱ्याची पोलीस पडताळणी करून घ्या, तो अध्यक्षांचा भाचा असला तरी. आधार देताना हात कुठे लागेल हे मुलाला आणि पालकाला आधीच सांगायचे, आणि आई-वडिलांना कधीही येऊन बसायची मुभा द्यायची. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर ‘मंडळाचे नाव खराब होईल’ म्हणून आतल्या आत मिटवणे हा गुन्हा आहे. पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. बालकांसाठीची हेल्पलाइन १०९८ आणि रुग्णवाहिकेची १०८, हे दोन आकडे भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा.

नोंदवहीत नाव, वय, पालकांचे दोन फोन, दमा-फिट-हृदयविकार काही असल्यास, आणि न्यायला कोण येणार. डोके आपटलेले मूल ‘काही नाही झालं’ म्हणाले तरी त्या दिवशी पुन्हा खेळवायचे नाही, आणि ओकारी, झोप किंवा गोंधळ दिसला तर थेट दवाखाना. मुलांचे फोटो पालकांना न विचारता ग्रुपवर टाकू नका. फ्लेक्सवर शुभेच्छुकांच्या रांगेत तर नकोच नको, तिथे आधीच गर्दी आहे.

खर्चाचे खजिनदारांनी बघावे. एक दोर, कडी-बोल्ट, आठ गाद्या, चार खुंट, वीस लहान लेझिमी, तीन भंगार सायकली, दुरुस्तीचे सामान आणि प्रथमोपचाराची पेटी. शेजारी मागच्या उत्सवातल्या रोषणाईचे आणि ध्वनिव्यवस्थेचे बिल ठेवावे. प्रशिक्षकाला मानधन द्या. फुकट शिकवणारा माणूस दांड्या मारतो, आणि त्याला कोणी बोलू शकत नाही. माणूस मिळत नसेल तर जवळच्या व्यायामशाळेत किंवा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारा.

२०२५ मध्ये राज्य शासनाने सार्वजनिक गणेशोत्सवाला राज्य महोत्सव म्हणून मान्यता दिली. त्याच्या स्वागताचे फलक आम्ही पाहिले. आता तुमच्या येत्या सर्वसाधारण सभेत एक साधा ठराव मांडा : मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी साडेपाच ते पावणेसात, सभागृह मुलांसाठी. पहिली फेरी जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, शाळा सुरू होऊन स्थिरावल्यावर. दुसरी दिवाळीनंतर, मैदान वाळल्यावर. ऑगस्टमध्ये मूर्ती आणि मांडव येणारच, तेव्हा त्या काळात फेरी ठेवू नका, अर्ध्यावर मोडलेली फेरी न केलेल्यापेक्षा वाईट. ठरावात दोन नावे लिहा : किल्ली कोणाकडे, आणि तो नसेल तेव्हा कोणाकडे. मुले साडेपाचला दाराशी येतात आणि कुलूप असते, याच कारणाने आमच्या माहितीतले बहुतेक बालगट बंद पडले आहेत.

आपले,
व्यायामशाळा व क्रीडा मंडळांतील प्रशिक्षक